फॉक्सप्रोवरून वेबवर जाताना: व्यापारी प्रणालीसाठी प्रोग्रॅमिंग भाषेची निवड

आपला प्रश्न मी असा समजलो आहे. खते, बियाणे आणि कीटकनाशके यांच्या घाऊक व्यापाराची आपली पेढी आहे आणि चार गोदामे आहेत. बिलिंग, साठा आणि उधारीची वसुली हे सारे गेली वीस-बावीस वर्षे फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस-भाषेत लिहिलेल्या एका प्रणालीवर चालते, आणि आता ते वेबवर आणायचे आहे. एका वेळी साधारण चाळीस माणसे काम करतील. हाताशी दोन तरुण डेव्हलपर आहेत. एकाने पाच वर्षे पीएचपीत काम केले आहे आणि दुसरा महाविद्यालयातून जावा शिकून आला आहे. एका सल्लागाराने नोड (सर्व्हरवर चालणारे जावास्क्रिप्ट) सुचवले, दुसऱ्याने पायथन, आणि तिसऱ्याने सी शार्पचा आग्रह धरला. यांपैकी काय निवडावे?

फॉक्सप्रो सोडण्याचा निर्णय योग्यच आहे. व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती, म्हणजे नववी, २००४ साली आली आणि मायक्रोसॉफ्टने तिला आधार देणे जानेवारी २०१५ मध्ये थांबवले. तरीही एक गोष्ट त्या जुन्या प्रणालीच्या बाजूने सांगितली पाहिजे. ती वीस वर्षे चालली, तिने हिशेब बरोबर ठेवले आणि काउंटरवरचा कारकून तिच्यात पडद्याकडे न पाहता, केवळ आकड्यांच्या कळा आणि एंटर यांवर बिल करत आला. नवी प्रणाली याहून कमी पडता कामा नये, आणि भाषेची तुलना करताना मी हीच अपेक्षा समोर ठेवतो.

मी गेली चोवीस वर्षे हेच काम करतो आहे. दूध संघ, पतसंस्था, घाऊक व्यापारी आणि दोन लहान कारखाने यांच्यासाठी पीएचपी, जावा, सी शार्प आणि पायथन या चारही भाषांत मी प्रणाली लिहिल्या आहेत आणि इतरांनी लिहिलेल्या सांभाळल्याही आहेत. त्यातून एक मत पक्के झाले आहे. व्यापारी प्रणाली लिहायला एक-दोन वर्षे लागतात, पण ती बदलत राहण्याचे काम पुढे दहा-पंधरा वर्षे चालते. म्हणून भाषा निवडताना पहिला पडदा किती लवकर तयार होईल, हे मी पाहत नाही. सातव्या वर्षी कायदा बदलला तर कोडमध्ये कुठे कुठे हात घालावा लागेल हे ती भाषा आपल्याला किती स्पष्टपणे दाखवते, हे पाहतो.

हा बदल काल्पनिक नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि व्हॅटच्या गृहीतकावर उभे असलेले सगळे कोड उलटेपालटे झाले. ई-इनव्हॉइसची सक्ती ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या उद्योगांपासून सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने ऑगस्ट २०२३ पर्यंत ५ कोटींवर आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून दरांची रचनाच बदलली. आपल्याच व्यापारातली जैविक कीटकनाशके १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. ज्यांनी दर कोडमध्ये लिहून ठेवले होते त्यांनी त्या आठवड्यात रात्री जागवल्या. ज्यांनी दर आणि तो लागू होण्याची तारीख वेगळ्या तक्त्यात ठेवली होती त्यांनी एक नोंद वाढवली, आणि जुने बिल पुन्हा छापले तर त्यावर जुनाच दर येत राहिला. ही शिस्त कोणत्याही भाषेत पाळता येते आणि कोणतीही भाषा ती आपोआप लावत नाही.

आता भाषांमध्ये खरोखर फरक कुठे पडतो ते सांगतो. माझ्या अनुभवात तो सर्वांत आधी पैशांत पडतो.

संगणक अपूर्णांक सहसा द्विमान पद्धतीने, म्हणजे केवळ ० आणि १ वापरून साठवतो आणि आपले दशांश त्यात नेमके बसत नाहीत. बहुतेक भाषांत साध्या दशांश संख्येने ४.३५ ला १०० ने गुणले तर उत्तर ४३५ येत नाही, ४३४.९९९९९९९९९९९९९४ येते. त्याचा पूर्णांक घेतला की ४ रुपये ३५ पैशांचे ४३४ पैसे होतात. एका ओळीत एक पैसा गेला तर कोणाच्या लक्षात येत नाही, पण दिवसाला आठशे बिले आणि प्रत्येक बिलात दहा ओळी असतील तर महिनाअखेरीला खतावणी जुळत नाही आणि लेखापाल दोन दिवस त्यातच अडकून बसतो.

याची झळ मी स्वतः सोसली आहे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका दूध संघासाठी आम्ही संकलनाची प्रणाली केली होती. फॅट आणि एसएनएफ (दुधातील स्निग्धेतर घन पदार्थ) यांवरून दर ठरे, रोज दोन वेळचे लिटर नोंदले जात आणि दर दहा दिवसांनी उत्पादकाचे बिल निघे. उत्पादकांची बिले बरोबर होती, कारण त्यांची गणिते आम्ही काळजीपूर्वक केली होती. पण संघाच्या एकूण देयकाचा गोषवारा साठवण्याच्या स्तंभाचा प्रकार आमच्यापैकी एकाने एकेरी अचूकतेचा दशांश ठेवला. त्या प्रकारात १,६७,७७,२१६ च्या पुढे प्रत्येक पूर्ण रुपयासुद्धा वेगळा साठवता येत नाही. उन्हाळ्यात देयक कमी असे तेव्हा रुपये तरी जुळत आणि पैशांचा फरक राउंड ऑफमध्ये मिटून जाई. दिवाळीच्या सुमारास दुधाची आवक वाढली, रक्कम ती मर्यादा ओलांडून गेली, आणि गोषवारा व बिलांची बेरीज यांत एक-दोन रुपयांचा फरक दिसू लागला. रक्कम नगण्य होती, पण पैसे कोणी खाल्ले असा प्रश्न संघाच्या सभेत उभा राहिला आणि त्याचे उत्तर द्यायला एका प्रामाणिक लेखापालाला उभे राहावे लागले. तेव्हापासून रकमेचा स्तंभ नेमक्या दशांश प्रकाराचा आहे की नाही, हे मी कोणत्याही प्रकल्पात सर्वप्रथम तपासतो.

या बाबतीत सी शार्प सर्वांत सोपी आहे. तिच्यात दशांश रकमेसाठी स्वतंत्र प्रकार भाषेतच आहे, तो २८-२९ अंक नेमके सांभाळतो, आणि बेरीज-गुणाकार नेहमीच्या चिन्हांनी लिहिता येतात. जावात बिगडेसिमल आहे. लिहायला तो लांबलचक आहे, पण कडक आहे. १० ला ३ ने भागायला सांगितले आणि राउंडिंग कसे करायचे ते सांगितले नाही तर तो अंदाजाने काही करत नाही, त्रुटी दाखवून थांबतो. हिशेबाच्या कामात मला हा स्वभाव आवडतो. पायथनमध्ये डेसिमल हे मॉड्यूल भाषेबरोबरच मिळते आणि ते उत्तम आहे. पीएचपीत बीसीमॅथ हा नेमक्या दशांश गणिताचा जोडसंच वापरावा लागतो. त्यात एक खाच अशी की ठरवलेल्या अंकांनंतरचा भाग तो राउंड न करता कापून टाकतो. राउंडिंगची सोय आणि नेहमीच्या चिन्हांनी गणित करण्याची सोय २०२४ च्या ८.४ आवृत्तीत आली. जावास्क्रिप्टमध्ये नेमक्या दशांशासाठी भाषेचा स्वतःचा प्रकार नाही. तिथे बाहेरची लायब्ररी घ्यावी लागते किंवा सगळे हिशेब पूर्णांक पैशांत करावे लागतात. गो या भाषेच्या प्रमाणित संचातही दशांश प्रकार नाही.

याच्या पुढची पायरी राउंड ऑफची आहे आणि तिच्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७० प्रमाणे कराची रक्कम जवळच्या रुपयात घ्यायची असते आणि ५० पैसे किंवा अधिक असतील तर वरचा रुपया धरायचा असतो. म्हणजे २.५० चे ३ झाले पाहिजेत. पायथन ३ मधील नेहमीचे राउंड मात्र २.५ चे २ करते, कारण ते बरोबर मध्यावरची संख्या जवळच्या सम अंकाकडे नेते. सी शार्पमधील नेहमीचे राउंडही तसेच करते. पीएचपी आणि जावास्क्रिप्ट ३ करतात. पण परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट करताना रक्कम उणे होते, आणि मग उणे २.५ चे पीएचपी उणे ३ करते, जावास्क्रिप्ट उणे २ करते. बिल ३ चे, क्रेडिट नोट २ ची, आणि ज्याने सगळा माल परत केला त्या दुकानदाराच्या खात्यावर १ रुपया येणे राहतो. असा रुपया वर्षानुवर्षे खात्यात लोंबकळत राहिलेला मी पाहिला आहे.

एक उदाहरण आपल्याच मालाचे देतो. १०१ रुपयांच्या खतावर ५ टक्के जीएसटी म्हणजे ५.०५ रुपये. तो केंद्र आणि राज्य यांच्यात निम्मा-निम्मा, म्हणजे २.५२५ होतो. अर्धा पैसा वर नेला तर दोन्ही मिळून ५.०६, सम अंकाकडे नेला तर ५.०४, आणि एकूण करावरून काढला तर ५.०५. तीन ठिकाणी तीन वेगळ्या पद्धती वापरल्या गेल्या, उदाहरणार्थ ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट, सर्व्हरवर पायथन आणि अहवालात डेटाबेसचे राउंड, तर एकाच बिलाच्या तीन रकमा दिसतात. उपाय सरळ आहे. राउंडिंगचा नियम सर्व्हरवर एकाच ठिकाणी लिहावा, तो नावाने स्पष्ट सांगावा, आणि ब्राउझरकडे आलेली रक्कम केवळ दाखवण्यासाठी वापरावी. हा नियम पाळला की कोणतीही भाषा चालते. पाळला नाही की कोणतीही भाषा वाचवत नाही.

पैशांनंतर तारीख येते. भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेपेक्षा साडेपाच तास पुढे आहे. ब्राउझरमधील जावास्क्रिप्टमध्ये १ एप्रिलच्या मध्यरात्रीची तारीख तयार केली आणि प्रमाणित मजकूर रूपात सर्व्हरकडे पाठवली, की ती ३१ मार्च १८:३० अशी जाते. सर्व्हरवर कोणी त्या मजकुराची केवळ पहिली दहा चिन्हे, म्हणजे तारखेचा भाग, उचलली तर नव्या आर्थिक वर्षाचे पहिले बिल जुन्या वर्षात जाऊन पडते, त्याचा क्रमांक चुकतो आणि मार्चच्या विवरणातही ते शिरते. जावात २०१४ च्या आठव्या आवृत्तीपासून केवळ तारखेसाठी वेगळा प्रकार आहे, सी शार्पला तो २०२१ मध्ये मिळाला, पायथनमध्ये तो पूर्वीपासून आहे. पीएचपीत तारखेला वेळ चिकटलेलीच असते, त्यामुळे तिथे शिस्त माणसांनी पाळावी लागते. बिलाची तारीख म्हणजे एखादा क्षण नव्हे, ती पंचांगातल्या तिथीसारखी नोंद असते, हे डेव्हलपरला पहिल्याच दिवशी समजावून सांगावे.

जावास्क्रिप्टची आणखी एक खाच आपल्याला लागेल, कारण दुकानदारांचे बँक खाते क्रमांक आपण ठेवणार आहात. अठरा अंकी क्रमांक संख्या म्हणून पाठवला तर १२३४५६७८९०१२३४५६७८ चे १२३४५६७८९०१२३४५६८० होते. खाते क्रमांक, मोबाइल, पिनकोड हे अंकांनी लिहिले जात असले तरी त्यांची बेरीज कोणी करत नाही. ते नेहमी मजकूर म्हणून साठवावेत.

आता एकेका भाषेकडे येतो. सर्वांना सारखी जागा देत नाही, कारण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्व सारख्या महत्त्वाच्या नाहीत.

जावा १९९५ पासून आहे आणि बँका, विमा कंपन्या व सरकारी प्रणाली यांचा मोठा भार तिच्यावर आहे. स्प्रिंग बूट हे तिचे फ्रेमवर्क, म्हणजे प्रणाली उभारण्याचा तयार सांगाडा, २०१४ मध्ये आल्यापासून तिच्यातील पूर्वीचा पसारा बराच कमी झाला. तिचे खरे सामर्थ्य बदलाच्या वेळी कळते. एखाद्या क्षेत्राचे नाव किंवा प्रकार बदलला की ज्या तीनशे जागी तो वापरला आहे त्या सगळ्या जागा कंपायलर, म्हणजे कोड तपासून यंत्रासाठी तयार करणारे साधन, प्रोग्रॅम चालवण्यापूर्वीच दाखवतो. अडचण अशी की लहान गटाला तिच्यात सुरुवातीला फार गोष्टी एकदम समजून घ्याव्या लागतात. शिवाय जुन्याशी सुसंगत राहण्याच्या तिच्या लौकिकालाही अपवाद आहे: नोव्हेंबर २०२२ मध्ये स्प्रिंग बूटची तिसरी आवृत्ती आली तेव्हा जावा १७ अनिवार्य झाले आणि जावाएक्स या नावाने सुरू होणारी अनेक पॅकेजे जकार्ता या नावावर गेली. काम यांत्रिक होते, पण एका मध्यम प्रणालीसाठी आमचे त्यात पाच आठवडे गेले, कारण काही जुन्या लायब्रऱ्यांची नवी आवृत्तीच निघाली नव्हती.

सी शार्प ही, केवळ भाषा म्हणून पाहिली तर, या कामासाठी मला सर्वांत पसंत आहे. रकमेचा प्रकार, तारखेचा प्रकार, कंपायलरची तपासणी आणि डेटाबेसला प्रश्न विचारण्याची लिंक (LINQ) नावाची सोय हे सर्व एकत्र इतके नीट दुसरीकडे बसलेले नाही. सी शार्प ज्यावर चालते ते डॉट नेट २०१६ पासून लिनक्सवरही चालते, त्यामुळे विंडोज सर्व्हरच्या परवान्याचा जुना आक्षेप उरलेला नाही. तरीही एक सावधगिरी सांगतो. २००७ साली आम्ही एका सहकारी संस्थेसाठी सी शार्पमध्येच, एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्स वापरून प्रणाली केली. भाषा आजही भक्कम आहे, पण वेब फॉर्म्स नव्या डॉट नेटमध्ये आणलेच गेले नाहीत. ती प्रणाली जुन्या फ्रेमवर्कवर विंडोजमध्ये अजून चालते, मात्र पुढे न्यायची तर तिचे सव्वाशे पडदे पुन्हा लिहावे लागतील. भाषा टिकते आणि तिच्यावरचे फ्रेमवर्क मागे पडते, असे पुष्कळदा घडते. म्हणून व्यापाराचे नियम, म्हणजे दर, सूट, राउंडिंग, उधारीची मर्यादा, हे पडद्यांच्या कोडपासून वेगळ्या जागी लिहावेत. त्या प्रकल्पात आम्ही ते बटणांच्या कोडमध्येच लिहिले होते, म्हणून आज ते उचलून नेता येत नाहीत.

पीएचपीबद्दल लोकांच्या मनात जी प्रतिमा आहे ती बहुधा दहा-पंधरा वर्षांपूर्वीची आहे. १९९५ मध्ये रासमुस लेर्डोर्फ यांनी ती लहानसहान वेबपानांसाठी खुली केली आणि तिचे सुरुवातीचे ढिले वळण बराच काळ टिकले. डिसेंबर २०१५ ची सातवी आणि नोव्हेंबर २०२० ची आठवी आवृत्ती यांनी तिला वेगळी भाषा केले, असे म्हणण्याइतका फरक पडला. प्रकार लिहिता येतात आणि तपासले जातात, वेगही वाढला. पूर्वी शून्य आणि कोणताही अक्षरी मजकूर यांची तुलना ती खरी मानत असे, त्यामुळे सूट शून्य आहे की तिथे काही भलतेच लिहिले आहे हे कळत नसे. आठव्या आवृत्तीत ते दुरुस्त झाले. या स्थित्यंतराची किंमतही लोकांनी मोजली: डेटाबेसशी बोलण्याची जुनी मायएसक्यूएल फंक्शने सातव्या आवृत्तीत काढून टाकली गेली आणि ज्यांचे सारे कोड त्यांवर उभे होते ते कित्येक वर्षे असुरक्षित पाचव्या आवृत्तीवर अडकून पडले.

पीएचपीचा एक गुण व्यापारी प्रणालीसाठी मोलाचा आहे. प्रत्येक विनंती कोऱ्या पाटीवर सुरू होते आणि संपली की सर्व पुसले जाते. एका वापरकर्त्याचा अहवाल फसला किंवा त्याने मेमरी खाल्ली तर शेजारच्या काउंटरवरचे बिल अडत नाही. नोडमध्ये एकच मुख्य धागा (थ्रेड) सर्वांच्या विनंत्या एकामागून एक हाताळतो, त्यामुळे कोणी वर्षभराच्या खतावणीची बेरीज त्याच धाग्यावर करू लागला तर बाकीचे तेवढा वेळ थांबतात. जड काम वेगळ्या प्रक्रियेकडे देऊन हे टाळता येते, पण ते आठवणीने करावे लागते.

नोडचे आकर्षण मला समजते. रायन डाल यांनी २००९ मध्ये ते आणले तेव्हापासून ब्राउझर आणि सर्व्हर यांची भाषा एकच ठेवता येते, आणि टाइपस्क्रिप्टने, म्हणजे प्रकार लिहिता येणाऱ्या जावास्क्रिप्टच्या रूपाने, तिला बरीच शिस्त लावली. एकाच वेळी हजारो जोडण्या उघड्या ठेवायच्या असतील, वाहने कुठे आहेत हे थेट दाखवायचे असेल, तर मी नोड घेईन. पण टाइपस्क्रिप्टचे प्रकार प्रोग्रॅम चालताना उरत नाहीत, बाहेरून आलेली माहिती वेगळी तपासावी लागते, आणि लहान लहान पॅकेजांवरचे अवलंबन फार मोठे असते. मार्च २०१६ मध्ये अकरा ओळींचे एक पॅकेज त्याच्या कर्त्याने एनपीएमवरून, म्हणजे अशा पॅकेजांच्या सामाईक भांडारातून, काढून घेतले आणि जगभरचे असंख्य प्रकल्प तयार होईनात. दोन माणसांच्या गटाने पंधरा वर्षे सांभाळायच्या हिशेबाच्या प्रणालीसाठी हा पाया मी स्वतः निवडणार नाही.

पायथन लिहायला आणि वाचायला या सर्वांत सुखाची आहे. कॅन्ससमधील लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कचेरीत घडलेले आणि २००५ मध्ये खुले झालेले जँगो हे फ्रेमवर्क व्यापारी प्रणालीला फार उपयोगी पडते, कारण ग्राहक, माल, दर असे मूळ तक्ते भरण्याचे पडदे त्यात जवळजवळ तयार मिळतात. मागणीचे अंदाज काढायचे किंवा कंपन्यांकडून आलेल्या वेड्यावाकड्या एक्सेल फाइली वाचायच्या, तर तिच्याइतकी साधने दुसरीकडे नाहीत. प्रकार सक्तीचे नसल्यामुळे मोठा बदल करताना मात्र सगळी भिस्त चाचण्यांवर राहते.

पायथनच्या निमित्ताने एक विचार आवर्जून मांडतो. मुंबईत रुषभ मेहता यांनी आपल्या घरच्या फर्निचरच्या व्यवसायासाठी सुरू केलेले ईआरपीनेक्स्ट आज जगभर वापरले जाते, ते मुक्त आहे आणि पायथनमध्येच आहे. जीएसटी, बॅच, मुदत संपण्याची तारीख, गोदामे हे आपल्या गरजेचे पुष्कळसे त्यात आहे. स्वतः लिहायला बसण्यापूर्वी आपल्या दोन्ही डेव्हलपरांनी पंधरा दिवस ते चालवून पाहावे. दुकानदारांच्या हंगामी उधारीचे आणि योजनांच्या सवलतींचे आपले नियम त्यात बसवताना फार ओढाताण झाली तरच नव्या लेखनाकडे वळावे.

रुबी ऑन रेल्स हे २००४ पासूनचे उत्कृष्ट फ्रेमवर्क आहे आणि इतरांनी त्याच्याकडून पुष्कळ घेतले, पण आपल्या भागात त्यातला माणूस मिळणे अवघड आहे. गो भाषा सेवा लिहायला चांगली आहे. पन्नास फॉर्म आणि शंभर अहवाल लिहायला ती कंटाळवाणी होते.

वेगाबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण चाळीस वापरकर्त्यांच्या प्रणालीत भाषेचा वेग हा प्रश्नच नसतो. पान हळू उघडते ते बहुधा डेटाबेसमुळे. पाचशे बिलांची यादी दाखवताना प्रत्येक बिलाच्या ग्राहकाचे नाव वेगळे मागवले की पाचशे एक प्रश्न डेटाबेसला जातात. असे अकरा सेकंद घेणारे एक पान आम्ही भाषा न बदलता, दोन ओळी बदलून, अर्ध्या सेकंदावर आणले होते. शेवटचे पोते दोन काउंटरांनी एकाच वेळी विकणे किंवा बिलाच्या क्रमांकात खंड पडणे हेही डेटाबेसचेच प्रश्न आहेत. नियमाप्रमाणे बिलाचा क्रमांक सलग, त्या आर्थिक वर्षात एकमेव आणि सोळा अक्षरांच्या आत हवा. डेटाबेसची आपोआप वाढणारी संख्या व्यवहार रद्द झाला तरी परत येत नाही, म्हणून क्रमांक वेगळ्या तक्त्यातून, ती ओळ कुलूपबंद करून, बिल साठवण्याच्या त्याच व्यवहारात घ्यावा.

शेवटी माणसांचा विचार. पुण्यात जावा आणि डॉट नेटची माणसे भरपूर आहेत, पण ती मोठ्या कंपन्यांच्या पगारावर आहेत आणि जिल्ह्याच्या गावी येऊन राहणारी त्यांत थोडी. पीएचपी जाणणारा माणूस मात्र सांगली, जळगाव, लातूर अशा कोणत्याही गावात मिळतो. आपला एक डेव्हलपर उद्या सोडून गेला तर त्याची जागा दोन महिन्यांत भरता येईल का, हा प्रश्न मी भाषेच्या सर्व गुणांच्या बरोबरीने धरतो.

म्हणून आपल्या परिस्थितीत माझा सल्ला पीएचपीची चालू आवृत्ती, लॅराव्हेल हे तिचे फ्रेमवर्क आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस असा आहे. सी शार्पचा अनुभव असलेला एक जरी माणूस आपल्याकडे असता तर मी निःशंकपणे सी शार्प सांगितली असती. जावा जाणणाऱ्या आपल्या मुलाला प्रकारांची सवय आहे, ती वाया जाऊ देऊ नये: प्रत्येक फंक्शनला प्रकार लिहिणे सक्तीचे करावे आणि पीएचपीस्टॅनसारखे तपासणीचे साधन पहिल्या दिवसापासून लावण्याची जबाबदारी त्याच्याकडे द्यावी. पडदे सर्व्हरवरच तयार करावेत. बिल करण्याच्या एका पडद्यापुरते मात्र जावास्क्रिप्ट मन लावून लिहावे, जेणेकरून कारकुनाला माउसला हात लावावा लागणार नाही. तो पडदा तयार झाला की आपल्या सर्वांत जुन्या कारकुनाला त्यावर सलग वीस बिले करायला सांगावीत आणि फॉक्सप्रोला लागणाऱ्या वेळेशी ताडून पाहावे.

आणि पहिली ओळ लिहिण्यापूर्वी जुन्या प्रणालीतून पाच बिले काढावीत: एक ५ आणि १८ टक्क्यांचा माल एकत्र असलेले, एक योजनेच्या सवलतीचे, एक पूर्ण परतीचे आणि त्याची क्रेडिट नोट, एक ३१ मार्चच्या रात्रीचे आणि एक १ एप्रिलच्या सकाळचे. ही पाचही नव्या भाषेत केवळ चाचण्या म्हणून लिहावीत, पडदा नको, डेटाबेसही नको. दोघांनी स्वतंत्रपणे लिहावीत आणि दोघांचे पैसे एकमेकांशी व जुन्या छापील बिलांशी जुळेपर्यंत पुढचे काम सुरू करू नये.